पारी जीपी: १४७५ परार्धांची संख्या अख्खी धरणारा कॅल्क्युलेटर

आधीच सांगते, हा सगळा रिव्ह्यू एका संख्येवरून लिहिलाय. नवीन कॅल्क्युलेटर, ॲप, सॉफ्टवेअर काहीही हातात आलं की मी सगळ्यात आधी त्यात २ चा ६७ वा घात वजा १ टाकते. उत्तर यायला हवं १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंकी आहे, एकं दहं शतं करत परार्धापर्यंत गेलात तरी पुरत नाही, साधारण १४७५ परार्ध भरतात. यापेक्षा कितीतरी मोठ्या संख्या आहेत हो, पण ही एक संख्या एखाद्या सॉफ्टवेअरचं जेवढं पितळ उघडं पाडते तेवढं भल्याभल्या मोठ्या संख्या पाडत नाहीत, आणि त्यात पारी जीपी पहिल्या झटक्यात पास झालं म्हणून हे लिहायला बसले.

आधी बाकीच्यांचं सांगते, नाव कोणाचंच घेत नाही. फोनमधल्या साध्या कॅल्क्युलेटरने १.४७५७ गुणिले १० चा विसावा घात असं काहीतरी दाखवलं, म्हणजे अंदाज सांगितला, संख्या नाही. स्प्रेडशीटने १४७५७३९५२५८९६७६०००००० दाखवलं, पंधरा अंक बरोबर आणि शेवटची सहा घरं सरळ शून्य. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये १४७५७३९५२५८९६७६४१०००० आलं आणि तिथे मी विचारलं की २ चा ६७ वा घात आणि त्यातून १ वजा केलेला, दोन्ही समान आहेत का, तर म्हणे हो समान आहेत. हे मला सगळ्यात जास्त लागलं. कारण बघा, २ चा ६७ वा घात म्हणजे नुसते दोनच दोन, दुसरा एकही मूळ अवयव नाही, आणि आपल्या संख्येत २ औषधालासुद्धा नाही, ती विषम आहे. दोघींमध्ये फरक फक्त १ चा आणि स्वभाव अगदी उलटे, आणि मशीन म्हणतं एकच आहेत.

असं का होतं ते सोपं आहे. ही संख्या बायनरीत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये, लिहिली तर ओळीने ६७ एक येतात, मधे एकही शून्य नाही. साधारण दशांश संख्या ठेवायची जी पद्धत बहुतेक सॉफ्टवेअर वापरतात त्यात ५३ बिटच, म्हणजे असल्या ० किंवा १ ची ५३ घरंच, जागा असते. मग राउंडिंग करताना ९९९९ ला तीन अंकांत लिहायला सांगितलं की जसं ते उडी मारून १०००० होतं तसंच इथे ६७ एकांचं एका फटक्यात १ आणि पुढे ६७ शून्यं होऊन जातं. पूर्णांकांची ६४ बिटची जागा वापरली तरी तीच बोंब, ही त्या जागेतल्या सगळ्यात मोठ्या संख्येच्या जवळपास आठपट आहे, मावतच नाही.

पारी जीपीत हे काहीच होत नाही. हे सॉफ्टवेअर संख्याशास्त्रासाठीच बनवलेलं आहे, १९८० च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्डो इथे आंरी कोएन आणि त्यांच्या टीमने सुरू केलं, आता करीम बेलाबास वगैरे मंडळी सांभाळतात, फुकट आहे, सोर्सकोड उघडा आहे. उघडलं की एक काळी खिडकी आणि एक प्रश्नचिन्ह, बस. बटणं नाहीत, रंगीबेरंगी काही नाही. त्या प्रश्नचिन्हापुढे २^६७-१ टाईप करून एंटर दाबलं की एकवीसच्या एकवीस अंक समोर, शेवटचा ९२७ सकट. पूर्णांक कितीही मोठा असू दे, मेमरी आहे तोपर्यंत एकेक अंक खरा. २ ने भागलंत तर दशांशात गोल न करता अपूर्णांक जसाच्या तसा ठेवतं, हे मला फार आवडलं.

आता मजा. फॅक्टर लिहून कंसात ही संख्या दिली की डोळ्याची पापणी लवायच्या आत दोन ओळी येतात, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. प्रत्येकापुढे १ असं लिहिलेलं असतं, तो घातांक आहे, पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हा १ पण अवयव आहे की काय, तसं नाहीये. पण या दोन ओळींची किंमत कळायला मागची गोष्ट माहीत पाहिजे. १६४४ साली मर्सेन नावाच्या फ्रेंच साधूने यादी दिली होती की २ चा अमुक घात वजा १ हे कोणकोणत्या घातांना मूळ संख्या होतं, आणि त्या यादीत ६७ होता. म्हणजे ही संख्या मूळ आहे असं त्याचं म्हणणं. ६१ मात्र यादीत नव्हता, जो खरं तर हवा होता, म्हणून काही लोकांना वाटतं ६१ च्या जागी चुकून ६७ पडला असेल. तब्बल २३२ वर्षांनी म्हणजे १८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ६७ वाली मूळ नाही, पण अवयव काय ते त्यालाही सांगता आलं नाही! हे मला अजूनही विलक्षण वाटतं, की संख्या फुटते हे पक्कं माहीत आहे आणि कुठे फुटते ते माहीत नाही. मग ऑक्टोबर १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत हे दोन अवयव मांडले. गोष्ट अशी सांगतात की ते एक शब्दही बोलले नाहीत, फळ्यावर एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला, दुसऱ्या बाजूला या दोन संख्यांचा गुणाकार हाताने केला, दोन्ही उत्तरं जुळली आणि ते जाऊन बसले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला असं विचारल्यावर तीन वर्षांचे रविवार असं उत्तर दिलं म्हणतात.

तो गुणाकार मी पण वहीत करून बघितला, तुम्हालाही सांगेन करा. नऊ अंकी गुणिले बारा अंकी, पण १९३७०७७२१ मध्ये एक शून्य आहे म्हणून आठच ओळी, त्यातल्या दोन १ च्या म्हणजे नुसत्या उतरवायच्या आणि तीन ७ च्या, एकदा काढली की तीच सरकवून लिहायची. शेवटी बेरीज जुळली तेव्हा जो आनंद झाला तो स्क्रीनवर उत्तर बघून होत नाही. नवाचा ताळा पण सुंदर बसतो, पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याची ६४, आपल्या २१ अंकी संख्येची १०९, आणि तिन्हींचं शेवटी १ च उरतं.

आणि कोलना अंधारात चाचपडायचं नव्हतं हे पण खरं, या संख्येचा कुठलाही मूळ अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून येतो, शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ च उरते. पारी जीपीत बघा, पहिल्या अवयवातून १ वजा करून १३४ ने भागा, १४,४५,५८० येतं. दुसऱ्याचं ५,६८,५३,६०,१२९ येतं. म्हणजे इतकी चाळणी लावूनसुद्धा पहिल्या अवयवापर्यंत पोचायला चौदा लाखांच्या वर पायऱ्या, ८ च्या नियमाने त्यातल्या निम्म्या गाळल्या तरी सात लाख. हे कागद पेन्सिलवर. कोलनी अर्थात अशी एकेक पायरी चढली नाही, आणखी हुशारीने चाळण्या लावल्या, पण तरीही रविवार तीन वर्षांचे गेले ते का ते कळतं.

बाकीचे गुणधर्म पटापट. भाजक चारच, १, ते दोन अवयव आणि स्वतः. स्वतःला सोडून बाकी तिघांची बेरीज ७,६२,०३,१९,६५,००९, म्हणजे संख्येच्या मानाने काहीच नाही. ८ ने भागल्यावर बाकी ७ म्हणून ही संख्या दोन वर्गांची तर नाहीच पण तीन वर्गांचीही बेरीज होऊ शकत नाही, चार वर्ग लागतातच, आणि चार नेहमी पुरतात हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलेलं आहे. ही मूळ असती तर हिला २ च्या ६६ व्या घाताने गुणून एक परिपूर्ण संख्या, म्हणजे स्वतःला सोडून बाकी भाजकांची बेरीज बरोब्बर स्वतःइतकी असणारी, मिळाली असती, तेही हुकलं.

शेजाऱ्यांकडे मात्र जरूर बघा, फॅक्टरमध्ये एक कमी आणि एक जास्त टाकून. एक जास्त म्हणजे ६७ दोन. एक कमी केली की तिचा अगदी चुरा होतो, २, ३ दोनदा, ७, २३, ६७, ८९, ६८३, २०८५७ आणि ५९९४७९. त्या चुऱ्यात तो ६७ दिसला ना, तो योगायोग नाहीये, पुढची सगळी गंमत त्याच्यावर उभी आहे.

ती अशी. संख्या मूळ आहे का हे झटपट तपासायची फर्माची एक जुनी युक्ती आहे, २ ला संख्या वजा १ इतका घात द्यायचा आणि त्या संख्येने भागायचं, बाकी १ आली नाही तर संख्या नक्की मूळ नाही, १ आली तर बहुतेक मूळ. आता आपल्या संख्येने भागताना २ चा ६७ वा घात म्हणजे बाकी १ च, कारण ती संख्याच २ चा ६७ वा घात वजा १ आहे. आणि संख्या वजा १ मध्ये ६७ आहे. मग बाकी १ येणारच! म्हणजे ही संख्या मूळ नसताना २ ला विचारलं की २ छातीठोकपणे सांगतो मूळ आहे म्हणून. पारी जीपीत आपल्या संख्येला एन नाव द्या आणि मॉड(२,एन) ला एन-१ घात देऊन बघा, मॉड(१,एन) असं उत्तर येतं. बरं, मिलर-राबिन नावाची जी कडक चाचणी आहे तीसुद्धा आधार २ घेतला तर इथे फसते, कारण संख्या वजा १ मधला एकुलता एक २ बाजूला काढला तरी ६७ आत राहतोच. त्यामुळे कोणी घाईघाईत फक्त २ चा आधार घेऊन प्राइम चेकर लिहिला असेल तर तो या संख्येला मूळ म्हणणार म्हणजे म्हणणारच, आणि असा एक ऑनलाइन चेकर मी वापरला पण आहे, त्याने हिरवी खूण दाखवली होती. २ च्या जागी ३ घ्या, चोर लगेच पकडला जातो.

पारी जीपीचं इज-प्राइम इथे ० म्हणतं, म्हणजे नाही. इज-स्यूडो-प्राइम हे त्यातलं पटकन चालणारं रूप, तेही ० च म्हणतं, कारण ते आधार २ च्या चाचणीवर न थांबता तिच्या जोडीला ल्युकाची वेगळ्या जातीची चाचणी लावतं. ही जोडी अजून कोणालाही फसवता आलेली नाही, २ च्या ६४ व्या घातापर्यंत तर पूर्ण तपासून झालंय, आणि आपली संख्या त्या हद्दीच्या थोडी पलीकडे आहे म्हणून मला जास्तच समाधान वाटलं. खास या जातीच्या संख्यांसाठी असलेली ल्युका-लेमरची चाचणी पण एका ओळीत करता येते, ४ पासून सुरुवात, वर्ग करून २ वजा, हे ६५ वेळा, दरवेळी आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. शेवटी ० आलं तर मूळ. इथे ० येत नाही, भलीमोठी बाकी उरते. १८७६ मध्ये ल्युकाने याच घराण्यातल्या युक्तीने निकाल दिला होता, आणि आज ती मी लूप लिहून एंटर दाबून बघते.

आता जपून वापरायच्या जागा. एक म्हणजे लूप दोन तीन ओळींत लिहायचा असेल तर महिरपी कंसात टाकावा लागतो, नाहीतर प्रत्येक ओळ एंटर दाबल्या दाबल्या चालून मोकळी होते, हे नवीन माणसाला कळायला वेळ लागतो. दोन म्हणजे मेमरीची सुरुवातीची मर्यादा लहान असते, मोठं काम दिलं की स्टॅक भरला असा मेसेज येऊन थांबतं, तेव्हा ॲलोकेटमेम (allocatemem) ही कमांड देऊन मर्यादा वाढवायची, घाबरायचं कारण नाही. तीन, मदत भरपूर आहे, कुठल्याही कमांडच्या आधी प्रश्नचिन्ह लावलं की माहिती येते, पण ती गणित शिकलेल्यांनी गणित शिकलेल्यांसाठी लिहिलेली आहे. शाळेतल्या मुलाला सरळ हातात द्यायचं असेल तर शेजारी बसून पहिल्या पाच सहा कमांड तुम्हीच शिकवा. इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये चालणारं रूप त्यांच्याच साइटवर आहे, आपल्या २१ अंकी संख्येसाठी ते भरपूर झालं. मर्सेनच्या यादीतला दुसरा चुकीचा, २५७ वाला, ७८ अंकी आहे, तो फोडायचा तर कॉम्प्युटरवरच टाका आणि थोडा धीर धरा, तीन अवयव येतात, १५, २५ आणि ३९ अंकी.

पाचपैकी पाच स्टार देतेय, एक शेवटचा प्रयोग सांगते ज्याच्यासाठी मी परत परत हे उघडते. फॅक्टर कमांडने उत्तर दिलं ते ठीक, पण स्वतः अवयव काढायचाय. १९७४ मध्ये पोलार्डने एक पद्धत दिली, एखादी संख्या घ्या, तिला खूप मोठा आणि खूप छोट्या छोट्या अवयवांनी गच्च भरलेला घात द्या, १ वजा करा आणि मग जी संख्या फोडायची तिच्याबरोबर मसावि काढा. अवयव वजा १ छोट्या तुकड्यांचा बनलेला असेल तर अवयव आपोआप मसावित गळून पडतो. कोलचा पहिला अवयव वजा १ बघा, २ तीनदा, ३ तीनदा, ५, ६७ आणि २६७७, सगळ्यात मोठा तुकडा २६७७ च! म्हणून मी ३००० चा फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून ३००० पर्यंत सगळ्यांचा गुणाकार, घात म्हणून दिला. सवयीने २ ला दिला, आणि मसावि आला अख्खी संख्या, काहीच फुटलं नाही. मिनिटभराने लक्षात आलं, पहिले पाढे पंचावन्न, घातात ६७ आहे म्हणजे २ ची बाकी १, त्यातून १ गेला की ०, आणि ० बरोबर मसावि म्हणजे ती संख्याच. २ ला या संख्येबद्दल काही विचारण्यात अर्थच नाही. मग २ खोडून ३ लिहिला, बाकी ओळ तीच, एंटर, आणि १९,३७,०७,७२१ समोर. हद्द ३००० च्या ऐवजी ९००० केली तर पुन्हा अख्खी संख्या येते, कारण दुसरा अवयव वजा १ म्हणजे २, ३ दोनदा, २९, ६७, २५५१ आणि ८५३९, मग तोही त्याच जाळ्यात सापडतो आणि दोघं एकत्रच बाहेर येतात. म्हणजे हद्द २६७७ ते ८५३८ यांच्या मधे कुठेतरी ठेवायची, आणि आधार ३.